जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरच्या चोकची सळई जुळवताना: फोर्ड ८एनच्या निमित्ताने

जुना पेट्रोल ट्रॅक्टर सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होतो, रिकामा चालताना कुरकुरत नाही, पण नांगर मातीत उतरला की धापा टाकू लागतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर सोडतो. असे झाले की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईकडे जातो. सुई थोडी आवळली की धूर कमी होतो, मग दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना उठत नाही, म्हणून ती पुन्हा सैल केली जाते, आणि हा खेळ महिनोन्महिने चालतो. अशा अनेक प्रकरणांत कार्ब्युरेटर निर्दोष असतो. नॉबपासून चोकच्या, म्हणजे हवेची वाट अडवणाऱ्या, पाकळीपर्यंत जाणारी सळई मात्र वाकलेली, झिजलेली किंवा चुकीच्या लांबीवर बसवलेली असते. नॉब पूर्ण आत ढकलला म्हणजे चोक उघडला असे चालक समजतो, पण आतली पाकळी अर्धवट मिटलेलीच राहते.

उदाहरणासाठी फोर्डचा ८एन घेतला आहे, कारण मिशिगनमधल्या आमच्या शेडमध्ये तोच उभा आहे आणि तो बनला तेही याच राज्यात, हायलँड पार्कच्या कारखान्यात. हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांच्यात १९३८ साली निव्वळ हस्तांदोलनावर ठरलेल्या व्यवहारातून १९३९ चा ९एन निघाला, युद्धकाळात २एन आला, आणि दोघांचे फाटल्यावर फोर्डने १९४७ ते १९५२ या काळात ८एन बनवला. फर्ग्युसननेही १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे टीई-२० बनवून घेतला. त्यामुळे ही यंत्रे एकमेकांची चुलत भावंडेच आहेत. ८एनवर मार्व्हल-शेब्लरचा टीएसएक्स-२४१ कार्ब्युरेटर असतो, तर स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन असलेल्या टीई-२० वर झेनिथचा २४टी-२ असतो; सळईचे वळण आणि लिव्हरचा आकार वेगळा असला तरी जुळवणीचे तत्त्व दोन्हींकडे एकच आहे.

महाराष्ट्रात ट्रॅक्टरवर वाढलेल्या वाचकाने येथे एक घोळ टाळावा. आपल्याकडचे बहुतेक सर्व ट्रॅक्टर डिझेलचे आहेत, आणि डिझेल इंजिनाला चोक नसतो. त्यांच्या डॅशबोर्डवर ओढायचा जो नॉब असतो, तो डिझेल तोडून इंजिन बंद करण्यासाठी असतो. पेट्रोल ट्रॅक्टरवरचा तसाच दिसणारा नॉब अगदी वेगळे काम करतो. जुन्या स्कूटरला थंडीत चोक देणाऱ्यांना ते काम आठवत असेल.

पाकळी काय करते ते नीट समजून घेतले तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. टीएसएक्स-२४१ मध्ये हवा खालच्या बाजूने, आडव्या तोंडातून आत येते आणि वर वळून इंजिनाकडे जाते. त्या आडव्या तोंडात एका शाफ्टवर पितळी चकती बसवलेली असते. मिस्त्री तिला बटरफ्लाय म्हणतात, आपण पाकळी म्हणू. पाकळी मिटली की हवेची वाट अडते, इंजिनाचे शोषण जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, अधिक पडते आणि थंड इंजिनाला लागणारे दाट मिश्रण मिळते. पाकळीतच स्प्रिंगवर बसलेली एक लहान झडप असते. पूर्ण चोक दिलेले इंजिन पहिला ठोका घेते, तेव्हा वाढलेल्या शोषणाने ती झडप उघडून घोटभर हवा आत सोडते, म्हणजे इंजिन पेट्रोलात बुडत नाही. काहींनी ही झडप ‘गळते’ म्हणून डाग देऊन बंद केलेली मी पाहिली आहे. तसे कधीही करू नये.

पाकळी पूर्ण उघडी असताना हवेच्या वाटेला समांतर असावी लागते आणि मिटलेली असताना तोंडाच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकावी लागते. यांतली पहिली अट मोडली तर नुकसान अधिक, कारण थंड इंजिन सुरू करण्याचे काम दिवसातून एकदाच असते, तर अर्धवट मिटलेली पाकळी तासन्‌तास जास्तीचे पेट्रोल पाजत राहते. हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते, प्लग काजळतात आणि न जळलेला अंश पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. केरोसीनसारख्या जड इंधनावर चालणाऱ्या टीई-२० च्या प्रकारांत तर ही बाब फारच गंभीर ठरते, कारण ते इंधन पेट्रोलइतक्या सहज उडून जात नाही आणि ऑइल पातळ करत राहते.

दोष सळईचाच आहे का

काळा धूर फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चढल्याने येतो, ऑइल-बाथ एअर क्लीनर (ऑइलच्या साहाय्याने हवा गाळणारे भांडे) गाळाने भरल्यानेही येतो, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. सर्वांत भरवशाची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद असताना सळईचे टोक कार्ब्युरेटरच्या लिव्हरमधून सोडवावे, पाकळी हाताने पूर्ण उघडी करून लिव्हर मऊ तारेने त्याच जागी बांधावा, आणि मग ट्रॅक्टर भाराखाली चालवून पाहावा. इंजिन थंड असेल तर या चाचणीआधी ते नेहमीप्रमाणे गरम करून घ्यावे. तार बांधल्यावर धूर गेला आणि ताकद परतली, तर दोष सळईत आहे. काहीच फरक पडला नाही, तर सळई जशी होती तशी जोडावी आणि एअर क्लीनर व फ्लोट तपासावेत. या लेखाचा उपयोग तेथे होणार नाही.

उलट तक्रारही असते: नॉब पूर्ण ओढूनही थंड इंजिन दाद देत नाही आणि सहा व्होल्टची बिचारी बॅटरी स्टार्टर फिरवून थकून जाते. अशा वेळी आधी कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नीट येते का ते पाहावे. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा ड्रेन प्लग काढून बरणी धरली, तर दोन मिनिटांत सुमारे अर्धा लिटर पेट्रोल एकसारख्या धारेने यायला हवे. तेवढे येत असेल आणि प्लगवर ठिणगीही चांगली असेल, तर पाकळी मिटते का याचा शोध घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी

काम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या शेडमध्ये करावे. या रचनेच्या कार्ब्युरेटरमध्ये चोक जास्त झाला की उरलेले पेट्रोल तोंडातून थेट जमिनीवर ठिबकते, म्हणून जवळ विडी-सिगारेट, गॅसची शेगडी किंवा ठिणगी उडवणारे ग्राइंडर नसावे आणि आग विझवायचे नळकांडे हाताशी असावे. इंजिन गार होऊ द्यावे, गिअर न्यूट्रलमध्ये घालून चाकांना अडसर लावावेत, टाकीखालचा कॉक बंद करावा आणि बॅटरीची अर्थ केबल सुटी करावी. मूळ ८एनमध्ये अर्थ पॉझिटिव्हला जोडलेली असते. नंतर बारा व्होल्टवर नेलेल्या ट्रॅक्टरांत ती बहुधा निगेटिव्हला सापडते. कोणतेही टोक असो, इंजिनाच्या किंवा चासिसच्या धातूला जोडलेली केबल आधी काढायची.

हत्यारे फारशी लागत नाहीत: स्क्रू ड्रायव्हर, दोन पक्कडी, पान्यांचा लहान संच, हातआरसा, टॉर्च, पॉलिश पेपर, नव्या कॉटर पिना आणि बारीक पावडरीचे कोरडे ग्राफाइट. काही सुटे करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. सळईची वळणे कोणत्या बाजूला होती, हे दोन तासांनी कोणालाच आठवत नाही, आणि वडीलधाऱ्या मिस्त्रींनाही ते आठवत नसते, फक्त ते तसे कबूल करत नाहीत.

आधी पाकळी, मग सळई

एअर क्लीनरकडून कार्ब्युरेटरकडे येणारी रबरी नळी पट्ट्या सैल करून काढावी. तोंडात टॉर्चचा प्रकाश टाकला की पाकळी दिसते. जागा अडचणीची असेल तर आरशाचा उपयोग करावा. आता जोडीदाराला सीटवर बसवून नॉब सावकाश ओढायला व ढकलायला सांगावे आणि स्वतः नजर पाकळीवरच ठेवावी. नॉबचा प्रवास किती झाला, याला येथे काही महत्त्व नाही. पाकळी कोठे सुरू झाली, कोठे थांबली आणि वाटेत कोठे अडखळली, हेच कागदावर टिपून घ्यावे. नॉब हलू लागल्यावर पाकळी बराच वेळ स्थिर राहत असेल, तर सांध्यांमध्ये झीज आहे. ती झटक्याने हलत असेल, तर सळई कोठेतरी घासते आहे. आणि नॉब आत टेकला तरी पाकळी तिरकी राहत असेल, तर लांबी चुकली आहे. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या प्रमाणात एकत्र असतात.

मग सळई लिव्हरमधून सोडवावी आणि पाकळी एकट्या बोटाने फिरवून पाहावी. हा टप्पा वगळून थेट सळई वाकवायला घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण पाकळी स्वतःच तोंडात अडकत असेल तर सळई कितीही अचूक केली तरी उपयोग होत नाही. पाकळी कोणताही चुरचुर आवाज न करता सुमारे पाव फेरा फिरली पाहिजे. जड वाटली तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना कार्ब्युरेटर क्लीनर मारून थोडा वेळ थांबावे आणि लिव्हर हळूहळू मागेपुढे करत जुना चिकट थर सुटू द्यावा. शाफ्ट वरखाली हलवून त्याची भोके किती पसरली आहेत तेही पाहावे. थोडी ढिलाई चालते. पाकळी भिंतीला घासण्याइतकी ती असेल, तर कार्ब्युरेटर उतरवून बुश बदलणे हाच उपाय आहे.

पाकळी मिटल्यावर एका बाजूने फट दिसत असेल, तर ती शाफ्टवर सरकलेली असते. तिचे दोन स्क्रू अर्धा आटा सैल करावेत, पाकळी मिटवावी, बोटाने हलका टिचका देऊन तिला आपली जागा घेऊ द्यावी, मागून टॉर्च धरून कडेची फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे आणि तशाच स्थितीत स्क्रू आवळावेत. मूळ स्क्रूंची टोके मागून ठोकून पसरवलेली असण्याची शक्यता असते. तशी असतील तर आधी टोक कानशीने घासून साफ करावे, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच तुटतो. पुन्हा बसवताना आटे धरून ठेवणारा द्रव लावावा. हे स्क्रू सुटले तर हवेबरोबर आत ओढले जातील, म्हणून येथे ‘चालेल’ म्हणून पुढे जाऊ नये. पाकळीतली छोटी झडपही बोटाने दाबून सोडावी. ती स्वतःहून बंद झाली पाहिजे.

सळई वाचायची कशी

आता सळई पूर्ण बाहेर काढून सपाट फळीवर ठेवावी. मूळ सळईला कारखान्यातूनच दिलेली वळणे असतात, इंजिनाच्या भागांना चुकवून जाण्यासाठी, आणि ती सरळ करून टाकणे म्हणजे नव्या अडचणी ओढवून घेणे होय. मूळ वळण गोलसर असते आणि त्यावरचा रंग किंवा गंज एकसारखा दिसतो. अपघाताने पडलेले वळण बहुधा टोकदार असते, त्यावर पान्याच्या किंवा पक्कडीच्या खुणा असतात, आणि तेथे धातू उजळलेला किंवा तडकलेला दिसतो. माझ्या ट्रॅक्टरच्या सळईला अशी दोन वळणे होती. बॅटरी बदलताना कोणीतरी सळईचा आधारासाठी हात ठेवण्यापुरता वापर केला असावा, असा माझा अंदाज आहे. अपघाती वळण शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून थोडेथोडे सरळ करावे. तडा दिसला तर सरळ करण्याच्या फंदात न पडता त्याच जाडीची नवी सळई करून घ्यावी.

झीज बघायची ती टोकांशी. लिव्हरच्या भोकात अडकणारे वाकवलेले टोक वर्षानुवर्षांच्या घर्षणाने एका बाजूने पातळ होते आणि भोक लांबट होते. ड्रिलच्या बिटांची मागची गुळगुळीत दांडी भोकात घालून पाहिली की ते किती पसरले आहे हे लगेच कळते. भोक लांबट झाले असेल तर वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावे किंवा लहान पितळी बुश बसवावा. मधल्या काळात वॉशर घालून भागवता येते, पण तो भरवशाचा उपाय नाही. कॉटर पिन नेहमी नवी घ्यावी. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा घातलेला दिसला, तर त्याच्या आसपास आणखी तडजोडी सापडतील असे समजावे.

यानंतर सळई ज्या भोकातून किंवा आधारपट्टीतून जाते तेथे लक्ष द्यावे. ती भोकातून मध्यावर आणि सरळ रेषेत निघाली पाहिजे. आधारपट्टी वाकून तिला बाजूला ढकलत असेल, तर पट्टीच सरळ करावी, सळई नव्हे. पाकळी अर्धी उघडी असताना सळई आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन असावा. हा कोन फार बिघडला आणि एका टोकाशी सळई व लिव्हर जवळजवळ एका रेषेत आले, तर ओढण्याचा जोर फिरवण्याकडे न जाता शाफ्टला बाजूला दाबण्यातच खर्च होतो. चोक तेथे अडकतो, आणि स्प्रिंग कितीही कडक बसवली तरी तो सुटत नाही. नॉब शेवटच्या सेंटिमीटरला दगडासारखा जड का होतो, याचे उत्तर बहुधा येथे मिळते. शाफ्टवर लिव्हर स्क्रूने आवळलेला असेल तर तो सैल करून लिव्हर योग्य कोनात फिरवावा.

लांबी ठरवणे

लांबी ठरवताना सुरुवात नेहमी पाकळीकडून करावी. पाकळी पूर्ण उघडावी, लिव्हर तिच्या मुक्कामाला, म्हणजे थांबण्याच्या जागेला, टेकलेला ठेवावा, आणि नॉब पूर्ण आत ढकलून मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढलेला ठेवावा. या स्थितीत सळईचे टोक लिव्हरच्या भोकासमोर कोणताही ताण न देता आले पाहिजे. नॉबकडे ठेवलेल्या या छोट्या अंतरामुळे सळईचा प्रवास डॅशबोर्डला टेकून नव्हे, तर पाकळीच्या मुक्कामावर संपतो. हे अंतर न ठेवता नॉब टेकलेला असताना लांबी बसवली, तर इंजिनाच्या हादऱ्यांनी आणि पुढच्या झिजेने पाकळी थोडी मिटू लागते आणि आपण पुन्हा पहिल्या धुरापाशी येतो.

सळई स्क्रूने आवळायच्या गुटक्यात बसत असेल, तर काम मिनिटाचे आहे. दोन्ही टोके वाकवून अडकवायची असतील, तर सळईच्या सरळ भागात, सांध्यांपासून दूर, उथळ व्ही आकाराचे वळण द्यावे; वळण खोल केले की सळई आखूड होते, उघडले की लांब. एका वेळी मिलिमीटरभरच बदल करावा आणि दर वेळी तोंडात डोकावून पाहावे. लांबी जमली की नॉब पूर्ण ओढून पाकळी मिटते का ते तपासावे. उघडणे नीट होत असेल पण मिटणे अर्धवट राहत असेल, तर सळईचा प्रवास लिव्हरला पुरत नाही. लिव्हरला दोन भोके असतील, तर शाफ्टच्या जवळच्या भोकात सळई घालावी. तेवढ्याच ओढीत लिव्हर अधिक फिरतो. एकच भोक असेल तर नॉबचा प्रवास वाटेत कशावर तरी अडत असणार, त्याचा शोध घ्यावा. या दोन्ही अटी एकाच वेळी जमल्याच नाहीत, तर तात्पुरते पूर्ण उघडणे जपावे आणि थंडीत सुरू होण्याचा थोडा त्रास सोसावा.

परत ओढणारी स्प्रिंग आपल्या ट्रॅक्टरवर असेल, तर नॉब सोडल्यावर तिने पाकळी शेवटपर्यंत उघडली पाहिजे. ताणून लांबट झालेली स्प्रिंग एक वेटोळे कापून ‘कडक’ करण्याची पद्धत आहे, पण त्यामुळे ती लवकर तुटते. शेतातली धूळ लक्षात घेता सांध्यांवर ग्रीस लावू नये, धूळ मिसळून त्याचे घासणीचे मलम होते. कोरडे ग्राफाइट पुरते.

चाचणी

रबरी नळी चढवताना तिला चिरा पडल्या आहेत का ते पाहावे आणि पट्ट्या नीट आवळाव्यात, कारण तेथून आत गेलेली हवा गाळली जात नाही. केबल व कॉक पूर्ववत केल्यावर, जुन्या गोंधळात कोणी फिरवून ठेवलेली मुख्य सुई हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून मग एक फेरा बाहेर घ्यावी. आत आवळताना जोर लावला तर सुईचे टोक खराब होते. रिकाम्या चालीची सुईही सुरुवातीला एक फेऱ्यावर ठेवावी. इंजिन पूर्ण थंड असताना थ्रॉटल थोडा उघडून, नॉब पूर्ण ओढून स्टार्टर द्यावा, पहिला ठोका ऐकू येताच नॉब अर्ध्यावर आणावा आणि इंजिन लयीत आले की पूर्ण सोडावा. या वेळी कोणीही कार्ब्युरेटरच्या तोंडाजवळ वाकू नये. उलटा भडका तेथूनच येतो.

पंधरा मिनिटे चालून इंजिन गरम झाले की मुख्य सुई भाराखाली जुळवावी, म्हणजे नांगर किंवा रोटरी जोडून किंवा चढणीवर, रिकाम्या जागी उभे राहून नाही. त्यानंतर अर्धा तास काम करून इंजिन भाराखालून थेट बंद करावे, ते निवल्यावर प्लग काढून रंग पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. मऊ काळी काजळी अजून असेल, तर नॉब आत असताना पाकळी खरोखर उघडते का ते नळी काढून पुन्हा पाहावे. शेवटी डिपस्टिक काढून तिचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्या पुढे चढलेली असेल, तर ते ऑइल पुढच्या कामाआधी बदलावे.